ब गटातला पहिला सामना

सिंधुदुर्गातल्या एका फुटबॉल क्लबला मी प्रशिक्षण देतो. गेल्या मोसमात आम्ही स्थानिक लीगच्या अ गटातून खाली घसरलो आणि आमची चांगली पोरं वरच्या संघांनी उचलली. गोलकीपरलाही बोलावणं होतं. तो राहिला, त्याचं मला फार मोल आहे.

त्याच्यामुळेच पोरांना बुफॉनबद्दल सांगितलं. जुलै 2006मध्ये इटलीकडून विश्वचषक जिंकलेला हा गोलकीपर सप्टेंबरात सेरी बीमध्ये, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत, समुद्रकाठच्या रिमिनीत खेळत होता. पंचांच्या नेमणुकांच्या प्रकरणात त्याच्या क्लबला, युव्हेंटसला, खाली ढकललं होतं, शिवाय गुणही कापले होते. देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे हे बडे खेळाडूही क्लब सोडून गेले नाहीत. तरी रिमिनीने त्यांना पहिल्याच सामन्यात 1-1 असं रोखलं. खाली आलेल्या मोठ्या संघासमोर प्रत्येक जण जीव तोडून खेळतो, हे मला पोरांच्या गळी उतरवायचं होतं.

"सर, हय कोण बघूक येतलो?" आमचा विंगर मैदानावर चुन्याची फक्की मारता मारता म्हणाला. सामना सुरू होईपर्यंत अख्खी वाडी मैदानाच्या कडेला जमली होती.

मैदान जांभ्याचं. पावसात माती वाहून गेली की खडे वर येतात. शिट्टीआधी गोलकीपर बुटाने गोलसमोरचे खडे उकरून वेचत होता, मूठ भरली की पोस्टमागे टाकत होता. कुणी सांगितलं नव्हतं.

समोरच्यांचे दहाच्या दहा जण बॉलच्या मागे. आमची पोरं घाईला आली, मधूनच लांब बॉल मारू लागली आणि तो आयता त्यांच्या बॅकच्या डोक्यावर. हाफटाइमला एवढंच सांगितलं, बॉल या विंगवरून त्या विंगवर फिरवा, त्यांना पळवा. मग फटी दिसू लागल्या, कॉर्नर मिळाले. गोल मात्र झाला नाही. शेवटी त्यांचा एकटा फॉरवर्ड सुटला, तेव्हा गोलकीपर त्याच्या पायांवर झेपावला. कोपर सोलवटलं, पण बॉल हातात.

0-0. त्यांनी कॅप्टनला खांद्यावर घेतलं, वाडी नाचली. आमची पोरं बघत राहिली.

"सर, आमका अजून अ गटातलेच समजतत," गोलकीपर कोपर धूत म्हणाला.

विंगरने विचारलं, युव्हेंटसचं पुढे काय झालं? म्हटलं, त्या मोसमात सेरी बीमध्ये पहिले आले, देल पिएरोने 20 गोल केले. आपल्या शेजारचा, गोव्याचा धेंपो क्लबही 2015मध्ये आय-लीगमधून, तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमधून, खाली आला आणि पुढच्याच मोसमात दुसरी श्रेणी जिंकला.

पुढच्या सरावाला कॉर्नरच घ्यायचे, असं तिथेच ठरलं.