आर ३.५ वरचा प्रकल्प ४.४ वर आणताना

२०१८ मध्ये आर या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.५ आवृत्तीवर लिहिलेला एक प्रकल्प माझ्याकडे आला. सर्वेक्षणाच्या तालुकावार सीएसव्ही फाइली, त्यांवर चालणाऱ्या स्क्रिप्ट आणि शेवटी तक्ते, एक मॉडेल व नकाशे. हे सगळं आर ४.४ वर चालायला हवं होतं आणि आकडे जुन्या अहवालाशी जुळायला हवे होते. अशा कामात एरर आली तर काळजी नसते; ट्रेसबॅक घेतला की जागा सापडते. कोड निमूट चालतो आणि उत्तर वेगळं देतो, ते जास्त त्रासाचं. म्हणून नव्या आरला हात लावण्याआधी जुनी उत्तरं जपून ठेवली.

त्यासाठी जुनं आर लागतं. विंडोजवर आरच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. मॅकवर रिग हे साधन आवृत्त्या सांभाळतं. मी डॉकरवर (सॉफ्टवेअर वेगळ्या, बंदिस्त डब्यात चालवणारं साधन) रॉकर प्रकल्पाची आर-व्हर इमेज घेतली, म्हणजे हव्या आवृत्तीचं आर आधीच बसवलेला तयार डबा. जुन्या इमेजमध्ये पॅकेज उतरवण्याचा पत्ता एमरॅनचा (मायक्रोसॉफ्टचा आर पॅकेजांचा साठा) असू शकतो आणि ती सेवा जुलै २०२३ मध्ये बंद झाली. तेव्हा ऑप्शन्समधला रेपोज बदलून पॉझिट पॅकेज मॅनेजरचा त्या काळातल्या तारखेचा स्नॅपशॉट (त्या दिवशी पॅकेज जशी होती तसा साठा) द्यावा. आजच्या क्रॅनवरून (आर पॅकेजांचा मुख्य साठा) पॅकेज घेतली तर जुन्या आरवर निम्मी बसतच नाहीत.

मग प्रत्येक स्क्रिप्ट आरस्क्रिप्टने, व्हॅनिला पर्याय देऊन, वेगळी चालवली. त्यामुळे फोल्डरमध्ये पडलेली जुनी .आरडेटा फाइल (मागच्या वेळची ऑब्जेक्ट साठवलेली) आपोआप उघडत नाही, आणि कुठल्याच स्क्रिप्टमध्ये न बनलेलं ऑब्जेक्ट कोड वापरत असेल तर लगेच उघडं पडतं. आरस्टुडिओत जनरलखाली .आरडेटा परत आणण्याची खूण काढावी आणि वर्कस्पेस जतन करण्याला ‘नेव्हर’ निवडावं. कंट्रोल-शिफ्ट-एफ१० ने आर पुन्हा सुरू करायची सवय लावली तर असली भुतं मुळात तयारच होत नाहीत.

प्रत्येक टप्प्याची डेटाफ्रेम (आरमधला तक्ता) सेव्हआरडीएसने फाइलमध्ये ठेवली. नव्या उत्तराशी तुलना आयडेंटिकलने करू नये. पंधराव्या दशांशातला फरकही ते नापास करतं. ऑल.इक्वल सुमारे ०.०००००००१५ इतका सापेक्ष फरक चालवून घेतं. पण फरक सापडला की ते फॉल्स देत नाही, वाक्य देतं. म्हणून इफमध्ये वापरताना इझट्रूमध्ये गुंडाळावं. कुठल्या कॉलमात काय बदललं हे वाल्डो पॅकेज अधिक नीट दाखवतं.

आता नवं आर. आरएनव्ही पॅकेजने प्रकल्पाची स्वतंत्र लायब्ररी केली. इनिट, काम झाल्यावर स्नॅपशॉट, दुसऱ्या मशीनवर रिस्टोर, एवढंच. स्नॅपशॉटमधून बनणाऱ्या लॉक फाइलमध्ये आरची आवृत्ती नोंदलेली असते, पण आरएनव्ही ती बसवून देत नाही. विंडोजवर पॅकेज सोर्समधून बांधायचं असेल तर आरटूल्स हा बांधणीच्या साधनांचा संचही जुळता लागतो: ४.४ ला आरटूल्स ४४. लिनक्सवर कर्ल, ओपनएसएसएल आणि एक्सएमएल यांच्या डेव्हलपमेंट लायब्ररी नसल्या की अर्धा दिवस तिथेच जातो.

पहिला मोठा फरक रीड.सीएसव्हीचा. ४.० पासून (एप्रिल २०२०) मजकुराचे कॉलम आपोआप फॅक्टर (ठरावीक गटांचा, म्हणजे लेव्हल्सचा, कॉलम) होत नाहीत. लेव्हल्स मागितल्या तर नल येतं, ते लक्षात तरी येतं. गटवार मोजणी करणारं टेबल मात्र गुपचूप बदलतं: आधी गाळणी लावल्यावरही रिकाम्या गटाची शून्याची ओळ उरायची, आता ती ओळच गायब. पुढे कोणी ‘तिसरी ओळ घ्या’ असं लिहिलं असेल तर भलताच तालुका हाती येतो. फॅक्टरने दुसऱ्या व्हेक्टरात शोधलं तर तेव्हा क्रमांक वापरला जाई, आता नाव. सगळेच मजकुराचे कॉलम पूर्वीसारखे फॅक्टर करण्यापेक्षा जिथे फॅक्टर खरोखर हवा तिथे लेव्हल्स स्वतः लिहून तो बनवला.

मॉडेलचे आकडे जुळेनात, कारण यादृच्छिक निवड करणारं सॅम्पल. ३.६.० मध्ये त्याची पद्धत बदलली. मोठ्या संचातून निवडताना जुनी पद्धत समान संधी देत नव्हती. सेट.सीडमध्ये (दर वेळी तीच निवड यावी म्हणून) तोच आकडा असूनही प्रशिक्षणासाठी वेगळ्या ओळी निवडल्या जातात. पडताळणीपुरतं आरएनजीकाइंडमध्ये सॅम्पल.काइंड ‘राउंडिंग’ केलं, वॉर्निंग येते ती येऊ दिली. आकडे जुळल्यावर ती ओळ काढली आणि मॉडेल नव्या पद्धतीने पुन्हा बसवलं.

डेटा हाताळणाऱ्या डीप्लायर पॅकेजच्या १.१.० पासून अरेंज ओळींचा क्रम सी-लोकेलप्रमाणे (लोकेल म्हणजे भाषेनुसार अक्षरांच्या क्रमाचे नियम) लावतं, म्हणजे सगळी मोठी इंग्रजी अक्षरं छोट्यांच्या आधी. क्रम लावून ‘प्रत्येक गटातली पहिली नोंद’ घेणारा कोड असेल तर निवडच बदलते. लोकेल स्पष्ट द्यावं किंवा क्रमासाठी आकड्यांचा कॉलम वापरावा. याच आवृत्तीपासून दोन्ही बाजूंना पुनरावृत्ती असलेल्या जॉइनवर (दोन तक्ते जोडताना) वॉर्निंग येते. ती गप्प करण्याआधी ओळी मोजाव्यात.

मराठी गावांची नावं असलेल्यांसाठी आर ४.२ ही खरी सुटका. विंडोजवर तोपर्यंत आर सिस्टिमच्या कोडपेजवर (मोजकीच अक्षरं सामावणारं जुनं एन्कोडिंग) चालायचं आणि देवनागरीच्या जागी कोनी कंसातले युनिकोड क्रमांक दिसायचे. आता विंडोज १० च्या १९०३ किंवा नंतरच्या आवृत्तीवर यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग आहे. म्हणून जुन्या कोडमधले एन्कोडिंग बदलणारे आयकॉन्व्हचे तोडगे एकेक तपासून काढले. राहिले तर चांगल्या मजकुराचीही वाट लावतात. एक्सेलने यूटीएफ-८ म्हणून साठवलेल्या सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) असतो आणि पहिल्या कॉलमचं नाव बिघडतं. फाइलएन्कोडिंगला ‘यूटीएफ-८-बीओएम’ दिलं की झालं. आलेखात जोडाक्षरं फुटत असतील तर रॅग पॅकेज बसवून आरस्टुडिओच्या ग्राफिक्समध्ये एजीजी बॅकएंड निवडावा आणि देवनागरी फॉन्टचं नाव द्यावं.

४.२ पासून इफच्या अटीत एकाहून जास्त मूल्यं आली की सरळ एरर येते. हा बदल मला आवडतो. पूर्वी फक्त वॉर्निंग येई आणि पहिलं मूल्य धरून काम पुढे चाले. अशा प्रत्येक जागी एनी (एक जरी खरं) की ऑल (सगळी खरी), हे लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते पाहूनच ठरवावं लागतं.

नकाशे शेवटी घेतले. आरजीडॅल, आरजिओस आणि मॅपटूल्स ही नकाशांची तिन्ही पॅकेज ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, त्यामुळे नकाशाच्या फाइली वाचणाऱ्या रीडओजीआरच्या जागी एसएफ पॅकेजचं एसटी_रीड आलं. पण एसएफ १.० पासून अक्षांश-रेखांशांवरची गणितं एस२ ही लायब्ररी वापरून सपाट पृष्ठावर नव्हे, गोलावर होतात. छेद आणि क्षेत्रफळ थोडं सरकतं, आणि वेड्यावाकड्या सीमा असलेले बहुभुज एररही देतात. त्यांना आधी एसटी_मेक_व्हॅलिड लावावं. एसएफ_यूझ_एस२ बंद करून जुन्या उत्तराच्या जवळ जाता येतं. मी ते फक्त फरकाचं कारण पटावं म्हणून केलं. अहवालात एस२ चालू ठेवून आलेली क्षेत्रफळं घेतली आणि जुन्या-नव्या आकड्यांचा तक्ता रीडमीमध्ये जोडला.