आमची वाटचाल: माझ्यामागे गिऱ्हाइकांच्या वेबसाइट बंद पडू नयेत म्हणून

२०१० साली सांगलीत एका खोलीत वेबसाइट करून द्यायचा धंदा सुरू केला. पहिली गिऱ्हाइकं मार्केट यार्डातली, हळद आणि बेदाण्याचे अडते. मग मिरजेतले दवाखाने आले आणि तिथलेच सतार-तंबोरे घडवणारे कारागीर. डिझाइन मी, कोडिंग मी, डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घ्यायचं मी, आणि रात्री साइट पडली की फोन उचलणाराही मीच. आज आम्ही चौघं आहोत. कामं कशी वाढली ते इथं सांगत बसत नाही. आमच्या धंद्यात ज्यावर सहसा कुणी बोलत नाही, त्याबद्दल लिहितो: एकट्यानं काम करणारा माणूस अचानक गेला तर त्याच्या गिऱ्हाइकांचं आणि घरच्यांचं काय होतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आमच्या बऱ्याच गिऱ्हाइकांची दुकानं बुडाली, संगणक चिखलात गेले, पण वेबसाइट चालू होत्या, कारण सर्व्हर भलतीकडे होता आणि बॅकअप तिसरीकडे. तेव्हापासून बॅकअपचे पैसे मागायला लागलो तर कुणी खळखळ करत नाही. पण तो बॅकअप उघडू शकणारं माणूस एकच आहे, याचा विचार तेव्हा कुणीच केला नव्हता.

मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मिरजेतला माझा एक मित्र गेला. तोही आमच्याच धंद्यातला, अगदी एकटा. तेरावं होण्याआधीच गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले आणि वहिनींनी मला बोलावून घेतलं. त्याच्या डायरीत कुणाचं किती येणं आहे, कुणाचं काम कुठवर आलंय, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. पासवर्ड मात्र एकही नव्हता. मोबाइलचा पॅटर्न घरात कुणाला ठाऊक नाही. वहिनींच्या समोरच सिम काढून साध्या हँडसेटमध्ये घातलं, ओटीपी यायला लागले, जरा हायसं वाटलं. पण मेलला दुसरं कुलूप ऑथेंटिकेटर अॅपचं, म्हणजे दर वेळी नवा आकडा देणाऱ्या अॅपचं, होतं आणि ते अॅप त्याच बंद फोनमध्ये. सगळ्या डोमेनच्या सूचना त्या मेलवर जात होत्या.

एका सतार कारागिराचं डोमेन मित्राच्या नावावर, त्याच्याच खात्यात होतं. परदेशातले शिष्य आणि दुकानदार त्या डोमेनवरच्या मेलवर ऑर्डर पाठवायचे. मृत्यूची खबर दिल्यावर बँकेनं खातं गोठवलं, कार्ड बंद झालं, त्यामुळे डोमेनचं आपोआप होणारं नूतनीकरणही थांबलं. रजिस्ट्रारनं, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीनं, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा मागितला. आपल्याकडे वारस दाखला दिवाणी न्यायालयातून, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. अर्ज, जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, यात महिने जातात. तिकडे डॉट कॉमचं घड्याळ चालूच असतं. मुदत संपल्यावर रजिस्ट्रारप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत, मग ३० दिवस जादा पैसे भरून सोडवून घ्यायचे, शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग नाव बाजारात खुलं.

कारागिराचं डोमेन वाचलं, कारण मालकी न बदलता तिऱ्हाइताकडून नूतनीकरणाचे पैसे घ्यायला तो रजिस्ट्रार तयार झाला. एका दवाखान्याचं गेलं. दुसऱ्या कंपनीकडे होतं, तिथं कुणी दाद दिली नाही, आणि मोकळं झाल्याबरोबर ते कुणीतरी उचललं. डॉक्टरांना लेटरहेडपासून पाटीपर्यंत सगळं बदलावं लागलं. वहिनींना त्या काळात किती बोलणी खावी लागली ते मी पाहिलंय. नवरा गेलेल्या बाईला लोक डोमेनची डीएनएस सेटिंगं विचारत होते.

त्यानंतर आमच्या फर्मची घडीच बदलली.

सगळ्यात आधी डोमेनच्या मालकीचं काम हातात घेतलं. गिऱ्हाइकाचं डोमेन त्याच्याच नावावर, त्याच्याच मेलवर, पैसे त्याच्याच कार्डातून. आम्ही फक्त चालवणारे. धंद्यातल्या काही मित्रांना हे पटत नाही, डोमेन हातात असलं की गिऱ्हाईक पळत नाही असं ते म्हणतात. मला हे सरळ चूक वाटतं. ज्याच्या नावाची पाटी, त्याच्याच हातात ती हवी.

पुढची पायरी नोंदणीची. एकाच मालकाची प्रोप्रायटर फर्म म्हणजे कायद्यानं तो माणूसच. तो गेला की पॅन संपला, जीएसटी नोंदणी रद्द करायची, वारसाला धंदा चालवायचा असेल तर नवीन नोंदणी घेऊन आधी भरलेल्या कराचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मनं वळतं करायचं. मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त असणारे मला भेटतात. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी त्याचा उपयोग नाही. आम्ही एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली, मी आणि माझा सर्वात जुना सहकारी भागीदार. एक गेला तरी फर्मचा पॅन, जीएसटी, बँक खातं तसंच राहतं. दुसरा भागीदार घ्यायला सहा महिने मिळतात. ज्याला एकटंच राहायचंय त्यानं निदान चालू खात्याला नॉमिनी लावावा. प्रोप्रायटरच्या खात्यालाही तो लावता येतो आणि नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे कुणाचे ते मृत्युपत्रात लिहायचं. त्यासाठी दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही.

पासवर्ड सगळे एका पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे ते कुलपात ठेवणाऱ्या अॅपमध्ये, आहेत. त्यात आणीबाणीचा प्रवेश सहकाऱ्याला दिलाय: त्यानं मागणी केली आणि ठरवलेल्या मुदतीत मी नकार दिला नाही, तर तिजोरी उघडते. मुदत मी दोन दिवसांची ठेवलीय. गूगलचीही निष्क्रिय खात्यासाठी सोय आहे, पण ती कमीत कमी तीन महिने वाट पाहते. घरच्या फोटोंसाठी ठीक, धंद्याला तीन महिने परवडत नाहीत. फोन हाती नसला तरी खातं उघडणारे ऑथेंटिकेटरचे रिकव्हरी कोड कागदावर छापून पाकिटात, पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये, आणि लॉकर पत्नीबरोबर संयुक्त नावावर.

पत्नीसाठी वेगळं एक पान मराठीत लिहिलंय. पहिला फोन कुणाला, सीए कोण, येणी कुणाकडे, कुणाचा आगाऊ घेतलेला पैसा परत द्यायचाय. पहिलीच ओळ अशी आहे: ‘माझं सिम बंद करू नकोस, आधी स्वतःच्या नावावर करून घे.’ तिला यातलं काही तांत्रिक कळायची गरज नाही, ते सहकाऱ्याचं काम. तिच्या डोक्यावर गिऱ्हाइकं बसू नयेत, एवढ्यासाठी ते पान.

कोल्हापुरातल्या आमच्याच एवढ्या एका फर्मशी लेखी करारही आहे. आमच्याकडे काही झालं तर त्यांनी आमच्या साइट ठरलेल्या दरानं चालवायच्या, त्यांच्याकडे झालं तर आम्ही. गिऱ्हाईक कायमचं ठेवून घ्यायचं की नाही ते गिऱ्हाईकच ठरवेल, असं कलम मुद्दाम घातलंय. दिवाळीत मी आठवडाभर फोन बंद ठेवतो आणि सगळं काम त्या कागदांवरच चालतं. काय अडलं त्याची यादी होते, कागद दुरुस्त होतात.

गिऱ्हाइकाच्या करारपत्रात ‘मी गेलो तर काय’ हे कलम दाखवलं की बरेच जण ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून विषय बदलतात. मी बदलू देत नाही. यार्डातल्या एका जुन्या अडत्यानं मात्र ते नीट वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, ‘आमच्या मुनीमजींसाठी असला कागद करता येईल का?’ त्यांच्या खातेवहीची सगळी किल्ली त्या एका माणसाकडे होती. आम्ही तो करून दिला.

आता राहिलीत ती सुरुवातीच्या काळातली गिऱ्हाइकं, ज्यांची डोमेन अजून माझ्या नावावर आहेत. एकेकाला गाठून ती त्यांच्या नावावर वर्ग करणं चालू आहे. मिरज-सांगलीत कुणी एकट्यानं हे काम करत असेल आणि जोडीदार फर्म शोधत असेल, तर आमच्या कराराचा मसुदा मी आनंदानं देईन.