व्हायकिंगपट : वल्ही जमली, दाढी बाकी

आमच्या व्हायकिंग अ‍ॅनिमेशनपटाचं अ‍ॅनिमॅटिक (वेळ लावून जोडलेली कच्च्या चित्रांची फिल्म) एकदाचं लॉक झालं. लांबी दोन मिनिटांच्या आसपास. काळ ७९३, ठिकाण इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचा लिंडिसफार्नचा मठ. व्हायकिंगांची, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लुटारूंची, टोळी लुटायला आलीय, भिक्षू भेदरलेत आणि सगळं अडलंय सरदाराचा भांग नीट पडत नाही म्हणून.

हा कंगवा आमच्या डोक्यातून निघालेला नाही. व्हायकिंगांच्या थडग्यांत सांबरशिंगाचे कंगवे भरपूर सापडलेत. वॉलिंगफर्डच्या जॉनच्या नावावर असलेल्या जुन्या इंग्रज इतिवृत्तात तर तक्रारच आहे, की हे डेन लोक (म्हणजे व्हायकिंगच) रोज केस विंचरतात, दर शनिवारी अंघोळ करतात आणि आमच्या बायकांना भुलवतात. इतका आयता विनोद कोण सोडेल?

म्हणजे शिंग कंगव्यात होतं, शिरस्त्राणावर नव्हतं. चित्रांत दिसणारी ती शिरस्त्राणावरची शिंगं १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला वॅग्नरच्या ऑपेरासाठी वेशभूषाकार डोप्लरने केलेल्या कपड्यांतून लोकांच्या मनात पक्की बसली. टीममधल्या एकीचं म्हणणं, शिंगांशिवाय सिलूएट (नुसती काळी बाह्याकृती) वाचता येत नाही. मुद्दा खरा आहे, पण मी हटलो नाही. नॉर्वेत १९४३ मध्ये सापडलेलं येर्मुंडबूचं शिरस्त्राण घेतलं : गोल टोपी आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी चौकट. भुवया त्यात झाकल्या जातात, म्हणून चौकटच भुवईसारखी वरखाली हलवतोय. लोखंड आश्चर्याने उंचावतं तेव्हा फार मजा येते. शिरस्त्राण एकट्या सरदारालाच दिलंय, बाकीचे बोडके.

जहाज नॉर्वेत सापडलेल्या गोकस्टाडच्या व्हायकिंग जहाजावरून : २३ मीटर लांब, प्रत्येक बाजूला १६ वल्ही. (ते सुमारे ८९० चं, म्हणजे आमच्या गोष्टीहून शतकभर नंतरचं. जाणकारांनी चालवून घ्यावं.) एक फटका दोन सेकंदांचा, टूजवर (एक चित्र दोन फ्रेम) २४ चित्रं. चार की पोज (हालचालीतल्या मुख्य स्थिती) : पुढे झुकणं, पातं पाण्यात, ओढ, उचल. सगळ्यांना एकच सायकल (पुन्हापुन्हा फिरणारी तीच हालचाल) लावली की यंत्र वाटतं, म्हणून प्रत्येकाला एक-दोन फ्रेम मागेपुढे सरकवलं. एकाला मुद्दाम अर्धी सायकल मागे ठेवलंय. तोच आता हिरो झालाय. गोकस्टाडमध्ये पक्की बाकं नाहीत, वल्हेकरी आपापल्या पेट्यांवर बसत असावेत असं मानतात. त्यामुळे जोर लावला की पेटीच मागे घसरते.

खरी मेख पुढे आहे. वल्हेकरी पाठमोरे बसतात. मठ त्यांना दिसतच नाही! दिसतो तो फक्त मागे सुकाणू धरून, एका हाताने केस विंचरणारा सरदार. पुढे काय आलंय हे सगळे त्याच्या तोंडावरून ताडतात. म्हणून मठाचा शॉट कापून टाकला आणि ते सेकंद त्याच्या क्लोजअपला दिले. त्याचे डोळे विस्फारतात, बत्तीस जण कुऱ्हाडी उचलतात, आणि कळतं की कंगव्याचा दात तुटलाय.

संवाद नाहीत, नुसते हुंकार. तोंडं दाढीत बुडालेली, त्यामुळे लिपसिंक (आवाजाला ओठ जुळवणं) वाचलं. पण ती मेहनत दाढीच वसूल करतेय. डोकं थांबल्यावर टोक मागाहून झुललंच पाहिजे, आणि वेणी घातलेल्या दाढीचं वजन अजून लागत नाहीये. वल्ह्यांची करकर मात्र झकास मिळाली, झोपाळ्याच्या कड्यांची.

आता समुद्र. फेस हाताने काढायचा की इफेक्टवर सोडायचा, यावर रोज वाद. ग्रीस पेन्सिलमध्ये (ब्लेंडर सॉफ्टवेअरमधलं चित्रं काढायचं साधन) कोणी लाटा केल्या असतील तर पाण्याला किती लेअर ठेवले तेवढं सांगा.