तुम्ही विचारलेत म्हणून: ओले लाकूड का कातता?

माझ्या शेडमध्ये येणारे बहुतेक जण लाकडाची सुरई हातात घेतात, तिच्या अरुंद तोंडातून आत डोकावतात आणि विचारतात, "सोलापूरच्या उन्हात ही तडकत कशी नाही? लाकूड वर्ष-दोन वर्षे वाळवलेले असेल ना?" खरे तर मी ते ओले असतानाच लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून त्याला आकार देण्याच्या यंत्रावर, कातायला घेतो, कारण जाड ओंडका अख्खा वाळत ठेवला, तर तो वाळण्याआधी फुटतो.

लाकूड सगळीकडे सारखे आकसत नाही. वलयांच्या अंगाने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच मध्यापासून सालीकडे आकसते, आणि ही ओढाताण जिरवायला अख्ख्या ओंडक्यात जागा नसल्यामुळे मध्यापासून सालीपर्यंत भेग जाते. त्यात कापलेल्या टोकांतून पाणी फार झपाट्याने उडते. माझा पहिला कडुनिंबाचा ओंडका मी एप्रिलमध्ये गच्चीवर ठेवला होता. चौथ्या दिवशी त्याच्या एका भेगेत रुपयाचे नाणे उभे राहत होते.

म्हणून आता झाड पडल्याचे कळले की त्याच दिवशी जातो. भांड्याच्या उंचीपेक्षा चार-सहा इंच लांब तुकडा कापतो, कारण टोकांचा थोडा भाग वाया जाणारच, आणि दोन्ही टोकांना वितळवलेले मेण लावतो. काम दोन-चार दिवस लांबणार असेल, तर ओली चादर गुंडाळून सावलीत ठेवतो. जुन्या चादरींना आपल्या गावात तोटा नाही.

मग ओंडका उभा चिरून मधोमधचा, जिथून वलये सुरू होतात तो भाग दोन्ही फाळक्यांतून बोटभर काढून टाकतो. यात कंजुषी केली, तर भांड्याच्या बुडाला हमखास चीर जाते. कोपरे छाटून ठोकळा लेथवर चढवला की पहिल्या फेरीत भिंत जाडच ठेवतो: व्यास दहा इंच असेल, तर एक इंच. वाळताना भांडे लंबगोल होते आणि दुसऱ्या फेरीत ते पुन्हा गोल करायला तेवढे लाकूड शिल्लक लागते; त्याहून जाड ठेवले, तर पुन्हा तडकण्याची भीती.

मग ते सावकाश वाळावे म्हणून त्याच्याच ओल्या सालपटांसह खाकी कागदी पिशवीत जाते. मे महिन्यात मी एकात एक अशा दोन पिशव्या वापरतो. दर रविवारी सालपटे झटकून भांड्याचे वजन करतो आणि पिशवीवर पेन्सिलीने लिहितो; वजन उतरायचे थांबले की ते वाळले असे समजतो. सध्या फळीवर असलेल्या बाभळीचा आकडा गेले दोन रविवार हललेला नाही. येत्या रविवारीही तोच आला, तर ती पुन्हा लेथवर चढेल.