पंधरा दिवसांचं दुकान

पैठणी येवल्याचीच घ्यायची, यावर आमच्या नाशिकच्या घरात कधी चर्चा होत नाही. मावसबहिणीच्या लग्नाची पैठणी त्यामुळे कधीच घेऊन झाली होती. राहिलं होतं ते बाकीचं सगळं: हळदीचे कुर्ते, देण्याघेण्याच्या ओढण्या, मावशीचे ब्लाउजपीस. "ताई, तू इकडेच ये. इथे दर शनिवार-रविवारी नवं दुकान लागतं," असं ती फोनवर म्हणाली आणि मी पंचवटी एक्सप्रेसने ठाणे गाठलं.

पहिला दिवस नौपाड्यातल्या एका हॉलमधल्या प्रदर्शनात गेला. गर्दी, उकाडा आणि ट्रायल रूम म्हणून कोपऱ्यात दोरीवर टांगलेली चादर. मला अशा ठिकाणी गुदमरायला होतं. मावशी मात्र खुशीत होती, कारण निम्म्या विक्रेत्या तिला ओळखत होत्या. "मागच्या वर्षीचा तो जांभळा कुठे गेला गं?" असं ती हक्काने विचारत होती आणि समोरची गठ्ठ्यातून नेमका तोच शोधून काढत होती.

आता मॉलमधल्या चकचकीत पॉप-अप स्टोअरचं, म्हणजे थोड्या दिवसांपुरत्या लागणाऱ्या दुकानाचं, कौतुक चाललं आहे, पण चार दिवसांच्या दुकानाची सवय आपल्याला जत्रेपासूनची आहे. फॅशनच्या दुनियेत त्याचा गाजावाजा झाला तो 2004 मध्ये, जेव्हा कॉम दे गार्सों या जपानी ब्रँडने बर्लिनमध्ये पूर्वीच्या एका पुस्तकांच्या दुकानात आपलं दुकान मांडलं. नफा होवो न होवो, वर्षभरात बंद करायचं, हा नियम आधीच ठरवून. लंडनच्या शोरडिच भागात 2011 मध्ये मालवाहू कंटेनर रचून बॉक्सपार्क नावाचा अख्खा बाजार उभा राहिला. आपल्याकडे हे लोण पोचलं ते इन्स्टाग्रामवर कपडे विकणाऱ्यांमुळे. मॉलमध्ये कायमचा गाळा घ्यायचा तर डिपॉझिट, भाडं, फर्निचर आणि काही वर्षांचा करार; एवढं नव्या माणसाला कुठून झेपणार? दहा-पंधरा दिवस झेपतात. मॉललाही मोकळ्या मजल्याचं भाडं मिळतं आणि दर वेळी काहीतरी नवं दिसतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने नवी मुंबईतल्या एका मॉलमध्ये गेलो. (नाव लिहीत नाही.) सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी डोंबिवलीच्या एका मुलीने खणाच्या कुर्त्यांचा स्टॉल लावला होता. लोखंडी स्टँड, एक आरसा, मागे झेंडूच्या माळा. गेली काही वर्षं ती फक्त ऑनलाइन विकत होती. मी विचारलं, "मग इथे कशाला एवढा खर्च?" ती म्हणाली, "ताई, फोटोवर लोक फक्त लाइक करतात. इथे काकू बाही ओढून बघतात आणि म्हणतात, दोन इंच लांब कर. हे मला घरी बसून कोण सांगणार?" तिथे आल्यापासून तिने लांब बाहीचे आणि मोठ्या मापाचे कुर्ते शिवायला टाकले होते. तिचं मला मनापासून कौतुक वाटलं. हळदीचे सगळे कुर्ते आम्ही तिच्याकडूनच घेतले.

बिल होत होतं तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई कापडी पिशवी घेऊन आल्या. "गेल्या महिन्यात इथे लखनवीवाले होते ना?"

"काकू, मी शुक्रवारीच आलेय. माझ्याआधी इथे बहुतेक परफ्यूमवाले होते."

बाईंनी पिशवीतून कुर्ता काढला. मोतिया रंग, गळ्याभोवती दाट भरतकाम. लेकीच्या डोहाळजेवणासाठी घेतलेला, बत्तीसशे रुपयांना, हाताची चिकनकारी (लखनौचं भरतकाम) म्हणून. पहिल्याच धुण्यात खांदा उसवला होता आणि फुलांचे दोरे लोंबत होते. मी कुर्ता उलटा करून पाहिला. हाताच्या चिकनकारीत मागच्या बाजूला टाक्यांची गुंतवळ दिसते, बारीक गाठी लागतात. इथे प्रत्येक फुलामागे कागदासारखं पांढरं अस्तर चिकटलेलं होतं, मशीनच्या भरतकामाला लावतात तसं. बाईंना तोवर हे ठाऊक नव्हतं. मी दाखवल्यावर त्या नुसत्याच बोटाने ते अस्तर चाचपत राहिल्या.

आम्ही तिघी त्यांच्यासोबत मदतकक्षावर गेलो. काउंटरवरच्या मुलाने नम्रपणे सांगितलं, की त्या लोकांचा करार संपला, त्यांचा नंबर देता येत नाही. "मग मी सांगू कुणाला?" बाईंनी विचारलं. त्याने वरिष्ठांना फोन लावला, त्यांनी ईमेल करायला सांगितलं. बाईंकडे छापील बिल नव्हतं. फोनमध्ये यूपीआयचा व्यवहार होता आणि त्यावर कुणा भलत्याच माणसाचं नाव. त्या आवाज न चढवता परत परत एकच सांगत होत्या, "अहो, मी इथून घेतलाय. या जागेवरून." मुलगा मान हलवत होता. मला प्रचंड राग आला, आणि हे लिहितानाही येतोय. मॉलने जागेचं भाडं घेतलं, दारावर आपलं नाव लावलं, त्या नावाच्या भरवशावर बाईंनी पैसे दिले. मग विकणाऱ्याचा पत्ता लागत नसेल, तर तो भरवसा कसला?

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 या बाबतीत स्पष्ट आहे. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती 30 दिवस धरतात. तक्रार ग्राहक जिथे राहतो तिथल्या ग्राहक आयोगाकडे करता येते, म्हणजे विक्रेता गाव सोडून गेला तरी मागे धावावं लागत नाही. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक मी बाईंच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला. पण तक्रार कुणाविरुद्ध, हे लिहायला नाव तरी हवं ना! पॉप-अप उठल्यावर निदान सहा महिने त्याचं नाव, पत्ता आणि नंबर मदतकक्षावर मिळाला पाहिजे, ही माझी साधी मागणी आहे.

दुपारी मूड गेला होता. मावशीच म्हणाली, बेलापूरला जाऊ. स्टेशनवरून रिक्षाने टेकडीवरच्या सिडकोच्या अर्बन हाटमध्ये गेलो. इथेही दुकानं मुक्कामापुरतीच. देशभरातले कारागीर येतात, ठरलेले दिवस विकतात आणि जातात. झाडं आहेत, वारा आहे, बसायला पायऱ्या आहेत. मॉलपेक्षा मला इथे शंभर पटींनी बरं वाटलं.

कच्छमधल्या अजरखपूरचा एक कारागीर अजरखच्या, म्हणजे ठशांनी छापलेल्या, ओढण्या घेऊन बसला होता. 2001 च्या भूकंपानंतर धमडका गावातले खत्री, म्हणजे हे छपाईकाम करणारे लोक, तिथे येऊन वसले, तेव्हा हे गाव झालं. त्याने ओढणी माझ्या हातावर पसरली आणि उलटवली. दोन्ही बाजूंना तीच नक्षी, रेघेवर रेघ. आधी कापडाला हिरड्याचं पाणी, मग ठसे, मग नीळ. काळा रंग गूळ आणि गंजकं लोखंड आंबवून केलेला. हे सांगताना तो नखाने नक्षीची कड दाखवत होता आणि त्या नखाच्या कडेला निळं मुरलेलं होतं. ओढणी चौदाशेची. मावशीने घासाघीस सुरू केली तेव्हा मीच तिला थांबवलं. त्याने न मागता बिल केलं, त्यावर गावचा पत्ता आणि नंबर लिहिला, आणि पहिल्यांदा वेगळी, थंड पाण्यात धुवा म्हणून बजावलं.

रविवार मावशीकडे आमरस-पुरीत आणि झोपेत गेला.

नाशिकला आल्यावर मावशीचा फोन आला. व्याह्यांकडच्या दोन आत्या यादीत राहून गेल्या होत्या, आणि हाटमधला त्या कारागिराचा मुक्काम संपला होता. मावशीने बिलावरच्या नंबरवर फोन लावला. त्याने दुसऱ्या रिंगला उचलला, निळी की लाल विचारलं, आणि दोन्ही ओढण्या कुरिअरने पाठवल्या.