पुनवेच्या दुपारी खाडीत

मी मूळचा साताऱ्याकडचा. भरती-ओहोटी हा शब्द शाळेत पाठ केलेला, तेवढाच. ऐरोलीत चौदा वर्षं राहूनही ठाण्याची खाडी म्हणजे पुलावरून जाताना काच वर करायची जागा, एवढीच ओळख.

धाकटीनं फ्लेमिंगोंचा हट्ट धरला तेव्हा दिवा गावच्या जेटीवरच्या होडीवाल्या दादांना फोन लावला. ते म्हणाले, "सकाळी साडेसहाला या." रविवारी साडेसहाला? मी बारा ठरवले. दादा फोनवर थोडं थांबले आणि "बरं," म्हणाले. ते थांबणं मला तेव्हा कळलं नाही.

पौर्णिमा होती. बाराला पाणी थेट तिवरांच्या फांद्यांना टेकलेलं. तासभर फिरलो, दिसली एक ब्राह्मणी घार आणि दोन बगळे. मुलगी म्हणाली, "बाबा, गुलाबी कुठंय?"

संध्याकाळी बाजारात मासळीवाल्या मावशींना हे सांगितलं, तर कोयता खाली ठेवून हसल्या. "पुनवेला बाराला भरती आसते रं! चिखलच नाय, तं पाखरू बसंल कुठं?" मग त्यांनी हिशेब सांगितला. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आसपास पाणी भरतं, सहाच्या सुमारास पूर्ण सुकतं. पुढं रोज दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, भरती उशिरा येते. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी ना धड चढत ना उतरत. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतातच. मी आजवर त्या फक्त उपासासाठी बघितल्या होत्या.

दोन आठवड्यांनी, चतुर्दशीला, पावणेसातला होडीत. खाडीच्या मधोमध चिखलाची पठारं उघडी पडलेली, आणि त्यावर ते. आधी आवाज येतो, बदकांच्या बाजारासारखा. माना खाली, चोच उलटी करून पाणी गाळत चाललेले. त्यातले बहुतेक छोटे रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो. त्यांचं खाणं म्हणजे सूक्ष्म शेवाळ, आणि त्यातल्याच रंगद्रव्यानं पंख गुलाबी होतात. हे शेवाळ आपल्या सांडपाण्यावरही पोसतं, हे दादांनी सांगितल्यावर मला कौतुक करावं की लाजावं ते कळेना. २०२२ साली हीच खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली.

पाणी चढू लागलं तसे पक्षी आपसूक होडीकडे ढकलले गेले. आम्ही इंजिन बंद करून बसलो होतो, जवळ गेलो नाही. पाण्यानंच त्यांना आणलं. साडेनवाला शेवटची पट्टी बुडाली आणि अख्खा थवा उठून नेरुळच्या पाणथळींकडे गेला. उघडलेल्या पंखांखालचा काळा रंग तोवर मला ठाऊकच नव्हता.

परतताना दादांनी मुलीला तिवराचं पान चाटायला दिलं. खारट! मुळं मीठ अडवतात, उरलेलं पान बाहेर टाकतं. काठावर डोळे वटारलेल्या निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, टुणटुण उड्या मारत होत्या. मुलगी त्यांच्यातच रमली. फ्लेमिंगोंपेक्षा जास्त वेळ, खरं सांगतो.

पुढच्या बुधवारी मावशींच्या पाटीत त्याच निवट्या. "कालवण कर, लेकीला आवडंल," म्हणाल्या. लेक माझ्या शर्टाला धरून उभी होती. आम्ही बांगडे घेतले.