भांगाच्या पाण्यावर पालूच्या मागे

माघ वद्य नवमी, रविवार. कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीतून, गळाने पालू मासा धरायची आमची छोटी स्पर्धा होती. पहाटे सहाला आम्ही नऊ जण बेलापूरच्या बाजूच्या एका कोळीवाड्याच्या धक्क्यावर कयाक उतरवत होतो. डोक्यावर अर्धा चंद्र होता आणि पनवेल खाडी भरत आली होती.

दिवस तिथी बघून ठरवला होता. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की मुंबईच्या किनाऱ्यावरची पूर्ण भरतीची वेळ येते. नवमी म्हणजे पावणेसात. आत खाडीत पाणी थोडं उशिरा टेकतं, तेवढं धरून चालायचं. शिवाय नवमी-दशमीला भांग असतो, पाण्याला ओढ कमी. उधाणाच्या दिवसांत इथे चार मीटरच्या आसपास चढउतार होतो आणि पुलाच्या खांबांमधून पाणी असं धावतं की वल्ह्याने कयाक जागेवर धरणं कठीण. नवख्याने अमावास्या-पौर्णिमेला इथे गळ घेऊन जाऊच नये.

जागेबद्दलही बोलायला हवं. ठाणे खाडीचा ऐरोली ते वाशी पुलांमधला पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. तिथे स्पर्धा भरवायचा विचारसुद्धा नको. आम्ही म्हणूनच दक्षिणेला, उलव्याकडे जाणाऱ्या आम्रमार्गाच्या आणि उरण रेल्वेच्या पुलांजवळ गेलो. धक्का वापरण्याआधी कोळीवाड्यात जाऊन विचारून घेतलं. पाणी सगळ्यांचं असलं तरी धक्का त्यांच्या रोजच्या कामाचा आहे.

मासा एकच: पालू, म्हणजे ब्रीम. ऑस्ट्रेलियात कयाकवरून ब्रीमच्या स्पर्धा नेमाने होतात. तिथला ब्रीम आणि आपला पालू एकाच कुळातले. तिथलीच पद्धत आम्ही घेतली. मोठ्यात मोठ्या तीन पालूंच्या लांबीची बेरीज करायची, प्रत्येक मासा मोजपट्टीवर तोंड टेकवून ठेवायचा, फोटो काढायचा आणि लगेच सोडायचा. पट्टी आधी ओली करायची, हातही ओले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे जगेलच असं नाही. जिताडा किंवा तांब लागली तर आनंद, गुण मात्र नाहीत.

पालू खांबांना का चिकटतो, हे कळलं की अर्धं काम झालं. खांबांवर कालवांचा थर असतो, त्यात बारीक खेकडे. पालूचे दात दाढेसारखे, कवच फोडणारे. तो खांबाच्या सावलीत, धारेच्या आडोशाला उभा राहतो. म्हणून आमिष खांबाच्या ज्या अंगाने धार येते तिथे, जवळजवळ घासून टाकायचं आणि पाण्याबरोबर वाहू द्यायचं. मी लहान जिगहेडला (शिशाचं डोकं असलेल्या गळाला) कोळंबीच्या आकाराचं रबरी आमिष लावलं होतं. पहिली खेच हातात टकटक अशी येते, तेव्हा झटका मारला तर मासा जातो. दोरी ताणून धरावी, तो वळला की मग रॉड उचलावा. पहिला पालू पावणेआठला, 26 सेंटिमीटर. दुसरा त्याहून जड होता, पण सरळ खांबामागे घुसला आणि कालवांच्या धारेवर लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरीचा शेवटचा तुकडा, कापला गेला. माझा लीडर 10 पौंडांचा ताण सोसणारा होता. इथे 16 च्या खाली जाऊ नका, आणि मासा लागताक्षणी उलटं वल्हं मारून कयाक खांबापासून बाहेर काढा. खांबाला दोरीने कयाक बांधून बसण्याचा मोह होतो. कितीही मंद ओढ असली तरी बांधू नये. आडवी धार लागली की कयाक कलंडते.

नऊच्या सुमारास ओहोटी चांगली लागली आणि खांबांवरचे चावे थांबले. जवळून होडी वल्हवत चाललेले एक कोळी काका थांबले. म्हणाले, "पोरा, पानी उतरताना खारीच्या तोंडावर गल टाक." खारीचं तोंड म्हणजे तिवरांमधून पाणी बाहेर सांडतं ती जागा. तिथे बारीक कोळंबी आणि निवट्या ओढल्या जातात, मासे तोंडाशी वाट बघत असतात. काकांचं खरं निघालं. 24 चा एक पालू मिळाला, मग एक सुंदर लालसर तांब. पण एक शिंगाळाही लागला. त्याच्या काट्यांना हात लावू नका, पक्कडीने गळ काढा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवल्याने वेदना उतरते. आमच्यातल्या एकीने त्यासाठी थर्मास आणला होता.

तिसऱ्या पालूच्या नादात मी परतीची पावणेअकराची वेळ चुकवली, तब्बल अर्ध्या तासाने. धक्क्याच्या कडेचं पाणी सरकून गाळ उघडा पडला होता. कयाकमधून उतरलो आणि मांडीपर्यंत रुतलो. अशा वेळी उभं राहायची धडपड करू नये. छाती कयाकवर टाकून आडवं व्हावं आणि पाय एकेक करून मागे सोडवावा. दोघांनी वरून दोरी टाकली, मी बाहेर आलो, पण माझा एक बूट अजून तिथेच आहे. बूट घोट्याला घट्ट बसणारे घाला, चपला नकोत. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर होतं, शिट्टी गळ्यात, मोबाइल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये. प्यायचं पाणी दोन लिटर कमीच पडलं.

उशिरामुळे माझी नोंद बाद झाली आणि ते योग्यच झालं. पहिली आलेली मैत्रीण तीन पालूंवर 79 सेंटिमीटर घेऊन आली, तिन्ही खांबांवरचे, तिन्ही आठच्या आत.

जाळ्यांकडे लक्ष ठेवा. पाण्यात रोवलेले खुंट आणि तरंगणारे डबे दिसले की लांबून वळसा घ्या. एक गळ अडकला तरी कुणाचं तरी जाळं फाटतं.

पुढची फेरी फाल्गुन वद्य अष्टमीच्या रविवारी. भरती सहाला, आणि उजाडल्याशिवाय पाण्यावर जायचं नाही हा आमचा नियम. म्हणजे कयाक उतरतील तेव्हा पाणी परतीला लागलेलं असेल. खांबांवर वेळ थोडाच मिळेल, म्हणून मी सुरुवातीलाच खारीच्या तोंडाकडे जाणार आहे.